ससाण्याची बदली

मॅडमची चिठ्ठी आली:
"सहदेव, कपाट तीन, खण दुसरा.
बहिरी ससाणा आणि खरूची तिथून काढा,
पोपटांशेजारी ठेवा. – शेट्ये."

देवगडच्या या कॉलेजात सव्वीस वर्षं परिचर आहे.
बदलीचे हुकूम पुष्कळ पाहिले,
दोन माझेही,
पण मेलेल्या पाखराची बदली
ही पहिलीच.

खण ओढला. डांबरगोळ्यांचा वास.
सगळे उताणे, डोळ्यांच्या जागी कापूस,
पायाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी:
बंदर, जानेवारी १९६१, मारणारा रा. कोयंडे.
घार, शिक्रा, पांढऱ्या पोटाचा काकण,
आणि त्यांच्या रांगेत हा,
पाटीच्या रंगाची पाठ घेऊन.
चोच बाकदार, नखं बाकदार.
कोणीही म्हणेल, घरातलाच.

"नाही," मॅडम म्हणाल्या, चहा गार करत.
"पेशीतली अक्षरं जुळवून पाहिली लोकांनी.
याचं कूळ घारीचं नव्हे.
पोपट जवळचे. चिमण्यासुद्धा.
दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं शिकार शिकली,
आणि हत्यारं तेवढी सारखी निघाली."

म्हणजे आडनाव एक,
पण सोयर नाही, सुतक नाही.
आमच्याकडे कळतं हे लवकर.
सातबाऱ्यावर चौसष्ट नावं असतात,
कुळाच्या रकान्यात भलताच कोणी,
आणि खरा वारस
मुंबईला नसतो, गावालाही नसतो,
तो नुसता आजीच्या नाकात असतो.

मी विचारलं, आणि त्याच्याआधी?
आजा, पणजा, खापरपणजा?
मॅडम म्हणाल्या, दूरच्या एका देशात,
जुन्या तळ्याच्या गाळात
काही सापळे आहेत, पाटीवर दाबलेले,
लांब पायांचे,
याच घराण्याच्या आसपासचे असावेत.
असावेत, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.
बाकी पोकळ हाडं. पाखराचं हाड
दगड व्हायला फार नशीब लागतं.

रविवारी मावसभावाच्या चिरेखाणीवर गेलो.
मशीन बंद होतं, लाल धूळ बसत होती.
"बबन्या, कधी हाड मिळाला काय रे जांभ्यात?"
तो हसला. "हयसर?
पावसान सगळा धुवून नेल्यान, तेचोच हो चिरो.
भोकां मिळतत. होयी तेवढी ने."

मी एक चिरा उचलून उन्हात धरला.
भोकंच भोकं, आरपार.
आमचं सगळं दप्तर असंच असणार,
पानं गेलेली, शिवण राहिलेली.

सोमवारी जागा केली.
दोन पोपट सरकवले, एक मैना वर नेली.
ससाणा छातीनं उंच, खण मिटेना.
त्याला कुशीवर वळवला तेव्हा दिसली
वरच्या चोचीच्या कडेला
एक बारीक दातरी.
घारीला ती नाही. मी पाहून आलो.
सव्वीस वर्षं धूळ पुसतोय,
कधी तोंडाकडे बघितलंच नव्हतं.

नवी चिठ्ठी लिहिली.
गण, कुल, प्रजाती, जाती.
मॅडम म्हणाल्या, पेनने नको,
पेन्सिलीने.

संध्याकाळी दीपगृहाकडे गेलो,
तांबुळीला विडी द्यायची होती.
मनोऱ्याच्या कठड्यावर जिवंत एक बसलेला,
उत्तरेकडून थंडीला येतो तो,
मान खांद्यांत, समुद्राकडे पाठ.
खाली आंब्याच्या कलमांवरून
पोपटांचा थवा ओरडत निघाला.

मी मनातल्या मनात म्हटलं,
अरे, तुझेच ते.

तो सुटला. हवेत एक हिरवं पीस
बराच वेळ खाली आलं नाही.

तांबुळी म्हणाला, "काय बघतंस?"
"भाऊबंदकी," मी म्हटलं.